हिमगाडीची बांधणी आणि रस्त्याचा कायदा

उत्तर अमेरिकेच्या ज्या भागांत हिवाळ्याचे चार-पाच महिने भूमी बर्फाखाली झाकलेली असते, त्या भागांत स्नोमोबाईल, म्हणजे हिमगाडी, हे वाहन घरोघरी परिचयाचे आहे. पुढे वळण घेण्यासाठी दोन स्की, मागे बर्फाला धरून फिरणारा रुंद रबरी पट्टा, आणि मोटारसायकलप्रमाणे वर स्वाराची बैठक, असे तिचे स्वरूप असते. कॅनडातील क्वेबेक प्रांताचे यंत्रकुशल संशोधक जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांना अशा पट्ट्याच्या रचनेचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. त्यांच्याच कारखान्यातून १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही लहान हिमगाडी बाजारात आली आणि कामाचे हे वाहन लवकरच विहाराचेही झाले.

परंतु बर्फावर वाऱ्याच्या वेगाने जाणारी ही गाडी डांबरी सडकेवर निरुपयोगी ठरते. डांबरावर तिचे स्की व पट्टा झिजतात, आणि सार्वजनिक हमरस्त्यावर ती चालविण्यास बहुतेक ठिकाणी कायद्याची मनाई असते. म्हणून मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन किंवा ऑंटारिओ येथील कुटुंब सुटीसाठी बर्फाळ रानाकडे निघते, तेव्हा हिमगाड्या मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरवर चढविल्या जातात. अपघाताचे बीज पुष्कळदा या ट्रेलरवरच असते.

सामान्यतः हिमगाडीचे वजन दोनशे ते तीनशे किलो आणि लांबी सुमारे ३ मीटर असते. एवढी जड वस्तू स्वतःच्याच भाराने जागेवर बसून राहील, असे प्रथमदर्शनी वाटते. हा समज घातक आहे. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावून सुमारे ४० मीटरांत थांबविता येते. मोटार थांबते, तिला जोडलेला ट्रेलरही थांबतो. पण ट्रेलरवर नुसती टेकविलेली गाडी थांबत नाही. तिला थांबविणारी शक्ती बांधणीतूनच यावी लागते. बांधणी नसेल किंवा सैल असेल, तर गाडी पूर्वीच्याच वेगाने पुढे सरकू पाहते. वळणावर ती बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि खड्ड्यात चाक आदळले की वर उसळते. कडब्याची गाडी भरणारा शेतकरी वरून आडवा दोर ताणून बांधतो, त्यामागील विचार हाच आहे. फरक इतकाच की, बैलगाडीची चाल मंद असते आणि मोटारीची चूक सुधारण्यास अवधी मिळत नाही.

अमेरिकेच्या संघीय नियमांनी हा विचार आकड्यांत मांडलेला आहे. व्यापारी वाहनांवरील मालाची बांधणी अशी असावी की, पुढील दिशेने मालाच्या वजनाच्या ८० टक्के, तर मागे आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी ५० टक्के इतका ओढा तिने सोसावा. २५० किलोच्या हिमगाडीचा हिशेब केल्यास, पुढे २०० किलो व बाजूंना १२५ किलो भाराइतका ओढा होतो. माल पुढील बाजूस भिंतीने किंवा अडणीने रोखलेला नसेल, तर ५ फुटांहून लांब परंतु १० फुटांपर्यंतच्या वस्तूस निदान दोन बंध हवेत. दहा फुटांच्या पुढे प्रत्येक दहा फुटांस, किंवा त्याच्या अंशास, आणखी एक बंध लागतो; म्हणजे लांब पट्ट्याच्या मोठ्या हिमगाडीस तीन बंध आवश्यक ठरतात. हे नियम हिमगाड्या विकणाऱ्या व वाहून नेणाऱ्या व्यावसायिकांच्या व्यापारी वाहनांना लागू होतात. खासगी प्रवाशाला त्या त्या राज्याचा किंवा प्रांताचा रस्ता-कायदा बांधून घेतो. त्याचा आशय थोडक्यात असा की, वाहनावरील कोणतीही वस्तू रस्त्यावर पडता, सरकता किंवा उडता कामा नये.

प्रत्यक्ष बांधणीची रीत अवघड नाही. हिमगाडी तोंड पुढे करून ट्रेलरवर घ्यावी, म्हणजे समोरचा वारा तिच्या काचेखाली व झाकणाखाली शिरत नाही. दोन्ही स्कींवर एक आडवा लोखंडी दांडा येतो. तो मुठीच्या स्क्रूने आवळून स्की ट्रेलरच्या तळाशी घट्ट दाबले जातात. पुष्कळ जण एवढ्यावरच थांबतात, आणि चूक येथेच होते. पुढचा भाग पक्का असूनही मागचा भाग मोकळा राहिला, तर प्रत्येक धक्क्यासरशी गाडीची शेपटी उसळते, दांड्याचा स्क्रू ढिला होत जातो आणि शेवटी तो बंधही निकामी होतो. म्हणून मागील बंपरापासून ट्रेलरच्या मजबूत कड्यांपर्यंत दोन्ही बाजूंस रॅचेट बेल्ट ताणले पाहिजेत. गाडीच्या स्प्रिंगा थोड्या दबतील इतका ताण द्यावा. त्या पुरत्या मोकळ्या ठेवल्यास गाडी झोके घेते. बेल्टावर दोन आकडे छापलेले आढळतात. मोठा आकडा बेल्ट तुटण्याचा असतो. काम करताना जो भार त्यावर टाकावयाचा, तो सामान्यतः त्याच्या एक तृतीयांश धरतात. खरेदी करताना पाहावयाचा तो हा लहान आकडा.

ट्रेलर मोटारीला जोडणे हाही बांधणीचाच भाग आहे. जोडाच्या खाली दोन सुरक्षा साखळ्या एकमेकींना छेदून लावतात. जोड निसटलाच, तर या साखळ्यांच्या झोळीत ट्रेलरचा दांडा अडकतो आणि रस्त्यात रुतत नाही. एकूण भारापैकी १० ते १५ टक्के भार या जोडावर आला पाहिजे. तो कमी पडल्यास ट्रेलर मागून डोलू लागतो. मागचे दिवे व नंबरपाटी उडणाऱ्या बर्फाने झाकली जात नाहीत ना, हेही पाहावे लागते. सामान्यतः ट्रेलरची रुंदी साडेआठ फुटांच्या आत ठेवावी लागते. म्हणून शेजारी-शेजारी दोन गाड्या उभ्या केल्यावर त्यांचे स्की कडेबाहेर डोकावता कामा नयेत.

थंड मुलुखात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. निघताना गाडीखाली अडकलेला बर्फ प्रवासात खाली गळतो, गाडी किंचित खाली बसते आणि घट्ट बेल्ट सैल पडतो. कापडी बेल्ट भिजून ताणला जातो, तर लोखंडी खटका गोठून बसतो. व्यापारी मालमोटारींच्या चालकांना पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे ८० किलोमीटरांच्या, आत माल पुन्हा तपासण्याचा नियम आहे. खासगी प्रवाशानेही तो स्वतःस लावून घेतल्यास त्याचे काही बिघडत नाही.

या सर्व खटाटोपाचे कारण शेवटी माणूस आहे. वॉशिंग्टन राज्यात २००४ मध्ये पुढच्या ट्रेलरवरून पडलेला फर्निचरचा एक तुकडा मागून येणाऱ्या मोटारीच्या काचेतून आत घुसला आणि चोवीस वर्षांच्या एका तरुणीची दृष्टी कायमची गेली. तिच्या आईने चिकाटीने पाठपुरावा केला. २००५ मध्ये त्या राज्याने, न बांधलेल्या मालामुळे कोणास इजा झाल्यास तो तुरुंगवासास पात्र गुन्हा ठरविला. ‘ए.ए.ए. फाउंडेशन’ या अमेरिकन संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०११ ते २०१४ या चार वर्षांत रस्त्यावर पडलेल्या वस्तूंचा संबंध असलेले दोन लाखांहून अधिक अपघात त्या देशात झाले आणि त्यांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांचे मूळ वाहनांची हेळसांड आणि न बांधलेला माल यांत होते.

तेव्हा बेल्ट आवळण्यास लागणारी दहा मिनिटे आपल्या गाडीपुरती खर्च होतात, असे मानणे बरोबर नाही. गाडी पडली, तर मालकाचे नुकसान पैशाने भरून निघते. मागून येणाऱ्या अनोळखी प्रवाशाचे तसे भरून निघत नाही. ट्रेलरवर काय आहे आणि ते कसे बांधले आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असलेला मनुष्य एकच, तो म्हणजे पुढची मोटार चालविणारा. म्हणूनच कायद्याने ही जबाबदारी त्याच्यावर टाकलेली आहे.