विश्वासाचे मोजमाप

प्रत्येक व्यक्ती केवळ स्वतःचा लाभ पाहते, या गृहीतावर अर्थशास्त्रातील बरेचसे विवेचन आधारलेले आहे. बर्ग, डिकहॉट व मॅककेब यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या गृहीताची कसोटी पाहतो.

त्यात परस्परांस अपरिचित अशा दोघांना प्रत्येकी १० डॉलर मिळत. पहिल्याने त्यांतील हवी तेवढी रक्कम दुसऱ्याकडे पाठवावी. ती तिप्पट होऊन त्याच्या हाती पडे. तिच्यातून काय परत करावे, हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर होते. खेळ एकदाच होणार असल्याने दुसरा काहीच परत करणार नाही व हे ओळखून पहिलाही काही पाठविणार नाही, असे तर्क सांगतो. परंतु पूर्वीच्या निकालांची माहिती नसलेल्या ३२ जणांपैकी ३० जणांनी रक्कम पाठविली. सरासरीने ५.१६ डॉलर गेले व ४.६६ डॉलर परत आले. म्हणजे पाठविणाऱ्यांस किंचित तोटाच झाला.

पण पाठविलेली रक्कम म्हणजेच विश्वास काय? केवळ औदार्यानेही ती दिली गेली असेल. जेम्स कॉक्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटापुरती परतफेडीची शक्यताच काढून टाकली. तरीही लोकांनी पैसे पाठविले. मात्र सरासरीने कमी. हा फरक तेवढा विश्वासाचा, उरलेली रक्कम औदार्याची. वर्तन एकच असले तरी हेतू अनेक असू शकतात. म्हणून तुलनेचा गट नसता आकड्यास ‘विश्वास’ हे नाव देणे धाडसाचे ठरते.