उसवलेला स्वेटर आणि इतर कामं

गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत माझ्या सुयांवरून उतरलेल्या वस्तू अशा: मोज्यांचे साडेतीन जोड, दोन कानटोप्या, एक ॲरन स्वेटर, बोरन्हाणाचं एक काळं झबलं आणि त्यावरची कुंची. अर्धा जोड म्हणजे अर्थातच एक मोजा. पहिला पुरा झाला की दुसऱ्याचा उत्साह कुठे जातो, हे विणणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं.

मोजे मी लुआसमध्ये विणते. चेरीवूड हे ग्रीन लाइनवरचं शेवटून दुसरं स्टेशन, त्यामुळे शहराकडे जाताना बसायला हमखास जागा मिळते आणि सेंट स्टीफन्स ग्रीन येईपर्यंत चाळीसेक मिनिटं आपली असतात. चार आखूड सुयांवर ६४ टाके, पाचवी सुई हातात, आणि गोल गोल फिरत राहायचं. घोट्यापर्यंत डोकं लागत नाही. टाच वळवताना मात्र मी कुणाशी बोलत नाही.

एरवी बोलावंच लागतं, कारण हातात सुया दिसल्या की इथल्या आज्या शेजारी येऊन बसतात आणि आपापली गोष्ट सांगतात. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली गोष्ट अशी: ॲरन बेटांवरच्या प्रत्येक घराण्याची स्वेटरची वीण वेगळी असायची, म्हणजे समुद्रात बुडालेला कोळी किनाऱ्याला लागला की विणीवरून ओळखू यायचा. गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. खरी मात्र नाही. तिचं मूळ बहुधा जे. एम. सिंग यांच्या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात आहे. त्यात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ती मोज्यावरून, आणि तेही घराण्याच्या विणीमुळे नव्हे. तिने स्वतः विणताना किती टाके घातले आणि किती सोडले हे तिला आठवत असतं, म्हणून. पुढे हाइन्झ एडगर कीवे या ऑक्सफर्डच्या लोकर-व्यापाऱ्याने १९६७ साली एक पुस्तक लिहून या स्वेटरचं नातं थेट प्राचीन धर्मचिन्हांशी जोडलं, आणि दुकानदारांचं फावलं.

खरी हकीकत त्याहून साधी आणि माझ्या मते जास्त मोलाची आहे. आपण पाहतो तो वेण्यावेण्यांचा पांढरा स्वेटर फार तर सव्वाशे वर्षांचा. १८९१ साली स्थापन झालेलं कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड पश्चिम किनाऱ्यावरच्या दरिद्री भागात मासेमारी आणि हस्तोद्योग वाढवू पाहत होतं. स्कॉटलंड-इंग्लंडच्या कोळ्यांचे विणलेले सदरे बेटांवरच्या बायकांच्या पाहण्यात होते. त्यांनी ते उचलले, त्यात आपली भर घातली, एकीचं पाहून दुसरीने विणलं. १९३० साली म्युरिएल गाहान यांनी डब्लिनमध्ये सेंट स्टीफन्स ग्रीनवर ‘कंट्री शॉप’ काढलं आणि खेड्यापाड्यातल्या कारागिरांच्या मालाला शहरात गिऱ्हाईक मिळवून दिलं. १९६१ साली क्लॅन्सी ब्रदर्स हे गायक अमेरिकेत एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात हेच स्वेटर घालून गायले, तेव्हा मागणी एवढी वाढली की पुरवठा कमी पडू लागला. म्हणजे यात गूढ काही नाही. घर चालवायला चार पैसे हवेत म्हणून बायकांनी केलेलं हे काम आहे. लुआसमधल्या आज्यांना मी यातलं काही सांगत नाही. त्यांची गोष्ट त्यांच्यापाशी राहू द्यावी.

माझा ॲरन स्वेटर नवऱ्यासाठी. पुढच्या भागात मधोमध मधाच्या पोळ्याची वीण, दोन्ही बाजूंना दोरखंडासारख्या वेण्या, आणि कडेला ज्याला इथे मॉस स्टिच म्हणतात आणि माझी आई साबुदाण्याची वीण म्हणते ती. वेणी घालायला टाके बाजूला धरणारी वाकडी सुई मिळते. आई केसांचा आकडा वापरायची, आणि मीही तोच वापरते. या स्वेटरला ७८० ग्रॅम लोकर आणि ७५ तास लागले. वहीच्या मागच्या पानावर तास लिहून ठेवले आहेत. त्यालाही कारण आहे.

मंडळाच्या कार्यक्रमात हमखास कुणीतरी विचारतं, “मला करून द्याल का? पैसे देईन हं!” आणि मग एक आकडा सांगितला जातो. २०२५ साली आयर्लंडमधलं किमान वेतन तासाला १३ युरो ५० सेंट होतं. ७५ तासांचे हजार युरोच्या वर होतात, लोकर वेगळी. दुकानात हातविणीचा स्वेटर याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतो. मग विणणारीला काय मिळत असेल, हे तुम्हीच काढा. म्हणून मी विकत नाही. ज्यांना द्यायचं त्यांना देते. पण “छान वेळ जातो तुमचा” असं कुणी म्हटलं की मला राग येतो. वेळ जात नाही, तो घातलेला असतो.

आता झबल्याबद्दल, कारण वर्षातलं खरं काम तेच होतं.

आमच्या समोरच्या इमारतीतल्या बाळाचं पहिलं बोरन्हाण गेल्या संक्रांतीला झालं. काळं झबलं मी विणायचं ठरलं. काळ्या रंगात बुडवलेली लोकर बाळाच्या अंगाला नको वाटत होती, म्हणून झ्वार्टब्लेस मेंढीची लोकर घेतली. ही जात मूळची हॉलंडची, आता इथेही पाळतात. अंग काळपट-तपकिरी, कपाळावर पांढरा पट्टा. बिनरंगवलेली लोकरच इतकी गडद की हलव्याचे दागिने तिच्यावर झकास उठून दिसतात.

तेवढ्यात कऱ्हाडहून एक पुडकं आलं. बाळाच्या आजीने, म्हणजे काकूंनी, आपल्या मुलाचा चौथ्या वर्षातला मरून स्वेटर पाठवला होता. स्वतः विणलेला. बरोबर निरोप: उसवा आणि बाळाला काहीतरी करा. काकूंना इथे यायला जमणार नव्हतं. गुडघ्यांनी प्रवासाला नाही म्हटलं होतं.

बाळाच्या आईचं म्हणणं, उसवायचा नाही. फ्रेम करून भिंतीवर लावू. सासूबाईंच्या हातचा एवढा एकच उरलाय. तिचंही खोटं नव्हतं. उसवला की तो गेला. पुन्हा काही तो होणार नाही. स्वेटर तीन आठवडे माझ्या कपाटात पडून होता. शेवटी मी काकूंना व्हिडिओ कॉल लावला. त्या म्हणाल्या, “अगं, तोच तीनदा उसवलाय मी! आधी ह्यांचा बिनबाह्यांचा होता. पोरं वाढतात, स्वेटर वाढत नाही. भिंतीला थंडी वाजते का?”

मग बसले. आपल्याकडचे स्वेटर खालून वर विणलेले, म्हणून उसवायचे गळ्याकडून. आधी बाजूच्या आणि बाह्यांच्या शिवणी सोडवायच्या, मग टाके बंद केल्याची गाठ शोधायची. ती एकदा सापडली की धागा सरसर येतो. कोपरांपाशी झिजून तुटत होता, तिथे गाठी मारल्या. काखेत लोकर थापून घट्ट बसली होती, ती कापून टाकावी लागली. निघालेली लोकर शेवयांसारखी कुरळी. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार जागी बांधली, कोमट पाण्यात भिजवून बाथरूममध्ये टांगली, आणि खाली वजनाला पाण्याची बाटली. दोन दिवसांनी धागा सरळ झाला.

तेव्हा दिसलं की मरून एक नाही, दोन आहेत. पाठीच्या वरच्या भागाची छटा किंचित फिकी. काकूंना विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “लोकर संपली होती. पुढचा पगार झाल्यावर आणली. दुकानदार म्हणाला, तोच रंग आहे. नव्हता.” एवढ्या वर्षांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्या मात्र होतं. मी दोन्ही छटांचे गुंडे वेगळे ठेवले. गडद लोकरीची कुंची झाली, फिक्या लोकरीने काळ्या झबल्याला गळा, बाह्या आणि घेराशी पट्टी.

बाळाच्या आईने एक बाही मात्र न उसवता मागून घेतली. काकूंनी विचारलं, “बाहीचं काय करणार ती?” काय करणार ते मला माहीत नाही. मी दिली. बोरन्हाणाला बोरं मिळाली नाहीत; ब्लूबेरी, चुरमुरे आणि गोळ्यांवर भागवलं. काकू फोनच्या पडद्यावर होत्या आणि सारख्या म्हणत होत्या, कुंचीचे बंद नीट बांधा.

पुढच्या वर्षाच्या कामांपैकी अर्धा मोजा पुरा करणं हे पहिलं. शिवाय वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी टोप्या करायच्या आहेत. त्या संत्र्याएवढ्या, एका संध्याकाळी एक होते. टाउनलँडसारखी मुलंही आहेत मनात: नऊ ते बारा वयाची पाच जणं शिकायचं म्हणतात, त्यात दोन मुलगे. त्यांना मी आधी उसवायला शिकवणार. विणताना मुलं चुकीला घाबरतात. धागा सरसर निघतो हे एकदा पाहिलं की हात मोकळा होतो.

मोठं काम मात्र एक जाकीट. पांढरी बाजू इथल्या गॉलवे मेंढीच्या लोकरीची. ही आयर्लंडची देशी जात. दुकानांतले बहुतेक ॲरन स्वेटर आता बाहेरून आलेल्या मेरिनो लोकरीचे आणि यंत्रावरचे असतात, आणि इथल्या शेतकऱ्याला मेंढी कातरण्याचा खर्चही लोकर विकून सुटत नाही. हे ऐकलं तेव्हा मला आपल्याकडचे धनगर आठवले. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर, तिचं सूत, चिंचोक्याची खळ, सनगराच्या मागावर विणलेली घोंगडी. घोंगडीचं गिऱ्हाईक आटलं तसं लोकरीचं मोलही गेलं. आता कळपात मांसाला चांगली आणि लोकरीला जेमतेम अशी माडग्याळ मेंढी वाढते आहे. दोन्हीकडे मेंढ्या आहेत, थंडी आहे, आणि लोकर कुणाला नको आहे.

दख्खनी लोकर अंगाला टोचते, म्हणून ती जाकिटाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्यावर आणि पाठीवर लावणार. पावसात घोंगडी जे करते ते तिने चेरीवूडच्या वाऱ्यात करावं, एवढीच अपेक्षा. गॉलवेची पांढरी लोकर घरात आली आहे, नमुन्याचा चौकोन विणून, धुऊन, मोजून झाला आहे: दहा सेंटिमीटरला १७ टाके. काळीसाठी अडलंय. कोल्हापूर-सांगलीकडून डिसेंबरात कुणी येणार असेल तर कळवा. हातकताईचं सूत, दुपदरी, किलोभर पुरे.