डिस्क रंगवायची तर आधी प्लास्टिक ओळखा

डिस्क गोल्फ या तबकडी फेकण्याच्या खेळातली पांढरी डिस्क घरी रंगवायची ठरली, की बहुतेकजण आधी रंगाच्या पुडीच्या शोधात निघतात. खरे तर आधी पाहायला हवे ते डिस्कचे प्लास्टिक. प्लास्टिक-प्लास्टिकमधला फरक मुंबईतल्या मनोरीच्या कोळीवाड्यात कोणालाही ठाऊक असतो. नायलॉनचे जाळे पाण्यात बुडते, म्हणून त्याला बोये बांधतात. पॉलिप्रॉपिलीनचा दोर आपसूक तरंगतो. समुद्राच्या पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०२५ ग्रॅम, नायलॉनची १.१४ आणि पॉलिप्रॉपिलीनची ०.९०. रंगाच्या बाबतीतही या दोघांचे स्वभाव असेच वेगळे आहेत. नायलॉन गरम पाण्यात, थोड्या व्हिनेगरसोबत, अॅसिड डाय छान धरते. पॉलिप्रॉपिलीन मात्र घरच्या पातेल्यात जवळपास कुठलाच रंग धरत नाही. दोराचा निळा-हिरवा रंग कारखान्यात, प्लास्टिक वितळलेले असतानाच मिसळलेला असतो.

म्हणून 'कापडाचा रंग डिस्कलाही चालेल' हा सर्वांत मोठा गैरसमज. सुती कापडाचा रंग पाण्यात विरघळतो आणि कापसाच्या पाणी शोषणाऱ्या तंतूंना धरून राहतो. सुती जाळ्यांच्या काळात कोकणात ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात जाळी मुरवत. तो काढा सुतात भिनायचा आणि जाळे कुजण्यापासून वाचायचे. डिस्कचे प्लास्टिक असे पाणी पीत नाही. रंगपंचमीचा रंग किंवा खाण्याचा रंग तिच्यावर लावला तर तो धुऊन जातो, फार तर फिकट डाग उरतो.

इथे उपयोगी पडतात ते डिस्पर्स रंग. १९२० च्या दशकात अॅसिटेट रेशीम बाजारात आले आणि नेहमीचे रंग त्यावर चढेनात, तेव्हा हे रंग शोधले गेले. पुढे पॉलिएस्टरला तेच लागू पडले. त्यांचे रेणू लहान असतात आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, नुसते बारीक कणांच्या रूपात पसरून राहतात. उष्णतेने प्लास्टिकच्या साखळ्या थोड्या सैल झाल्या की हे रेणू आत शिरतात आणि प्लास्टिकमध्येच विरघळतात. पुडीवर 'पॉलिएस्टरसाठी' किंवा 'सिंथेटिकसाठी' असे लिहिलेले पाहून घ्या. 'आयडाय पॉली' आणि 'रिट डायमोअर' हे याच जातीचे. 'सर्व कापडांसाठी' म्हणून मिळणारी पुडी बहुधा सूत आणि नायलॉनसाठी असते.

योग्य रंग आणला तरी प्रत्येक डिस्क रंगेलच असे नाही. महागड्या, लवचीक, काहीशा पारदर्शक डिस्क बहुतेक थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या असतात; त्यांवर रंग सुंदर चढतो. स्वस्त, खरखरीत डिस्कवर तो फिका आणि डागाळ उतरतो. अल्टिमेट या सांघिक तबकडी-खेळातली १७५ ग्रॅमची तबकडी सहसा पॉलिएथिलीनची असते, आणि तेही पॉलिप्रॉपिलीनसारखेच रंग धरत नाही. तिच्यावर पैसे आणि वेळ घालवू नका. एक सोपी परीक्षा आहे: खाली हवा अडकू न देता डिस्क बादलीत आडवी बुडवून सोडा. वर आली तर बहुधा ती पॉलिएथिलीनच्या घराण्यातली. बुडाली म्हणजे रंग धरेलच, असा मात्र अर्थ नाही, कारण स्वस्त प्लास्टिकमध्ये भर घालूनही वजन वाढवलेले असते.

'उकळले की रंग गडद होतो' हेही अर्धेच खरे. उष्णतेने रंग आत जातो, पण उकळत्या पाण्यात डिस्क मऊ पडून वाकते, आणि वाकडी डिस्क सरळ उडत नाही. साधारण ६० ते ७० अंश सेल्सियस पुरेसे असते. गडदपणा हवा तर तापमानाऐवजी वेळ वाढवावा.

अॅसिटोनबद्दल मला खरी काळजी वाटते. रंग लवकर शिरावा म्हणून ते मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. अॅसिटोनची वाफ शून्याखाली २० अंशांनाही पेट घेऊ शकते. ज्या स्वयंपाकघरात गॅस पेटतो, तिथे ती बाटली उघडूच नये. गरम पाण्याच्या पद्धतीत अॅसिटोनची गरजही नसते. भुकटी मिसळताना मास्क आणि हातमोजे घाला, आणि रंगाचे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

स्प्रे पेंटला रंगाचा पर्याय समजू नये. तो वर थर धरतो आणि झाडाला आपटताच सोलवटतो. शिवाय स्पर्धेत डिस्कवर हाताला जाणवेल इतक्या जाडीचा थर चालत नाही. आत मुरलेल्या रंगाला जाडी नसते, म्हणून तो नियमात बसतो. हे रंग पारदर्शक असल्याने पिवळ्या डिस्कवर निळा टाकाल तर हिरवाच मिळेल. मुरलेला रंगही कायमचा नव्हे: उन्हाने तो विटतो आणि बारीक रेघा काही महिन्यांत आतल्या आत पसरून धूसर होतात. नाजूक नक्षीपेक्षा ठळक आकार काढावेत, ते अधिक टिकतात.

उरलेले रंगाचे पाणी खाडीकडे जाणाऱ्या गटारात किंवा तिवरांत ओतू नका. पाणी वाढवले म्हणजे रंग नाहीसा होत नाही. डिस्पर्स रंगाचे कण गाळात बसतात, आणि खेकडे त्याच गाळाच्या आसऱ्याने जगतात. तेच पाणी झाकून ठेवले तर पुढच्या एक-दोन डिस्कला पुरते.