वेगळा विदर्भ: ऐकीव काय, खरं काय

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीच्या कोळसा पट्ट्यात वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, हे देश तोडायचं काम आहे. दुसरं, राज्य झालं की कोळसा आपला. दोन्ही चुकीची आहेत. दुसरं जास्त नुकसान करतं, कारण ते मागणी करणाऱ्यांच्याच तोंडी असतं.

देश तोडण्याचा इथे संबंधच नाही. मागणी भारतातल्याच एका राज्याची आहे आणि तिची वाट राज्यघटनेच्या कलम ३ मध्ये आखलेली आहे. संसद साध्या बहुमताने कायदा करून नवं राज्य बनवू शकते. मुंबईने नकार दिला तर सगळं संपलं, असंही अनेकांना वाटतं. विधेयक राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवावं लागतं हे खरं. पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. माजरी जंक्शनवरून वणीमार्गे जाणारा रेल्वेमार्ग तेलंगणातल्या ज्या आदिलाबादला पोचतो, तिथेच याचा दाखला आहे. जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं आणि २ जूनला तेलंगणा अस्तित्वात आलं.

ही मागणी आजकालच्या पुढाऱ्यांनी काढली, हा समजही टिकत नाही. १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेने महाविदर्भाचा ठराव केला होता. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने आठ जिल्ह्यांच्या विदर्भाची शिफारस केली. वर्धा नदीपलीकडच्या वणीचे लोकनायक बापूजी अणे याच प्रश्नासाठी झटले. मराठी माणूस फुटेल, ही भीती मात्र प्रामाणिक आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांनी प्राण दिले आहेत. पण मराठी भाषकांची एकाहून अधिक राज्यं असावीत, असं डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्येच मांडलं होतं.

आता कोळसा. खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झालं. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) ही केंद्राच्या मालकीच्या कोल इंडियाची कंपनी आहे, राज्य बदललं तरी ती केंद्राचीच राहील. बदलेल ती रॉयल्टीची दिशा: मुंबईच्या तिजोरीत जाणारी ती रक्कम नव्या राज्याकडे येईल. ही रक्कम लहान नाही, पण तिने रस्त्याकडेच्या पऱ्हाटीवर बसणारी काळी धूळ आपोआप हटणार नाही. झारखंडला २००० मध्ये राज्य मिळालं, खाली कोळसाही भरपूर. तरी तिथले मजूर आजही पोटासाठी परराज्यांत जातात.

विदर्भाची तक्रार खोटी आहे, असं याचा अर्थ कुणी काढू नये. विदर्भाला न्याय्य वाट्याचं आश्वासन देणारा १९५३ चा नागपूर करार हा कायदा नव्हता, तो नेत्यांमधला समझोता होता. निधीच्या समन्यायी वाटपासाठी घटनेच्या कलम ३७१(२) खाली विकास मंडळांची तरतूद १९५६ मध्येच झाली; मंडळं आली १९९४ मध्ये. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली, तेव्हा तिला वाढ मिळाली नाही.

राहिला गडचिरोली. नागपूर राजधानी झाली की सरकार दाराशी येईल, असं तिथे सांगितलं जातं. जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरच्या सिरोंच्याला हे लागू पडत नाही. तिथून गडचिरोली हे जिल्ह्याचं ठिकाणच दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, नागपूर त्याच्याही पुढे. वेगळ्या अहेरी जिल्ह्याची मागणी त्यातूनच आली. म्हणून वेगळ्या विदर्भासाठी पाठिंबा मागायला येणाऱ्याने रॉयल्टीतला किती हिस्सा माजरीला, राज्याच्या पैशातला किती सिरोंच्याला, हे आधी कागदावर लिहून आणावं.