वळिवड्याच्या छावणीतल्या बायका : युद्धाचा पाठ शिकवताना



कोणी नवीन माणूस भेटला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमचं गाव कोणतं?" सिन्नरहून नाशिकला जाताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईलाही आपण हेच विचारतो आणि पुढच्या पाच मिनिटांत कोणीतरी ओळखीचं निघतंच. हा साधा प्रश्न ज्यांच्यासाठी सर्वात अवघड होऊन बसला, अशा बायकांबद्दल आज लिहिते आहे. युद्धामुळे घर सुटलेल्या, म्हणजेच निर्वासित बायका.

दुसरं महायुद्ध शिकवताना आपण काय सांगतो? सनावळ्या, हिटलर, अणुबॉम्ब. मुलांना वाटतं, हे सगळं कुठेतरी लांब घडलं. पण त्याच युद्धाने उखडलेल्या हजारो बायका-मुलं आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी पाच वर्षं राहिली. बऱ्याच मोठ्या माणसांनाही हे माहीत नसतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्या माळेगाव-मुसळगाव एमआयडीसीत बिहार-उत्तर प्रदेशातून कामाला आलेली कुटुंबं आहेत, आपल्या भागातून ऊसतोडीला जाणारीही आहेत. ते स्थलांतरित. हाल त्यांचेही होतात, पण गावाकडचं घर जागेवर असतं, सणाला परत जाता येतं. आपल्याच देशात धरणामुळे, दंगलीमुळे किंवा लढाईमुळे घर सोडावं लागलं तर विस्थापित. आणि जिवाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडावी लागली, परत गेलं तर धोका आहे, असं असेल तर निर्वासित. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात निर्वासिताची व्याख्या साधारण अशीच आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, पण लोकांना आसरा मात्र वेळोवेळी दिला आहे.

आता वळिवड्याकडे. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने हल्ला केला. पूर्वेकडच्या भागातल्या कुटुंबांना रशियाने १९४० च्या फेब्रुवारीपासून घराबाहेर काढायला सुरुवात केली. रात्री-पहाटे सैनिक दारात यायचे. सामान बांधायला कोणाला अर्धा तास मिळाला, कोणाला थोडा जास्त. विचार करा, अर्ध्या तासात आपण काय उचलू? पीठ, पांघरुणं, लेकरांचे गरम कपडे. मग मालगाडीच्या डब्यातून कित्येक दिवसांचा प्रवास, सायबेरियाच्या जंगलात नाहीतर कझाकस्तानच्या माळरानावर.

एप्रिल १९४० मध्ये जी कुटुंबं नेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलंच होती. घरातला पुरुष आधीच अटकेत. त्यातल्या कित्येकींचे नवरे सैन्यात किंवा पोलिसात अधिकारी होते आणि त्याच वसंत ऋतूत कातिन व इतर ठिकाणी सुमारे २२,००० कैद्यांना गोळ्या घालून मारलं गेलं होतं. बायकांना हे कोणी कळवलं नाही. त्या पत्रांची वाट बघत राहिल्या. कुठे लाकूडतोड, कुठे सामूहिक शेतीवर राबणं, थंडी उणे ४० अंशांपर्यंत. माळरानावर सरपण नाही म्हणून या बायका शेणाच्या गोवऱ्या थापायला शिकल्या! आपल्या आज्यांना जे काम हातचा मळ वाटायचं, ते शाळेत शिकवणाऱ्या, पियानो वाजवणाऱ्या बाईला जगण्यासाठी शिकावं लागलं.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा चक्र फिरलं. रशियाने पोलिश कैद्यांना सोडलं, जनरल आंदर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं आणि १९४२ मध्ये त्या सैन्यासोबत बायका-मुलंही कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली. तिथे उतरल्यावर साथीच्या भीतीने त्यांचे कपडे जाळले, उवांमुळे डोकी भादरली. उपासमार आणि टायफसने अनेक जण सुटका झाल्यावर दगावले. उरलेल्यांना वेगवेगळ्या देशांत पाठवलं. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, ती गोष्ट हल्ली बरीच सांगितली जाते. वळिवड्याची छावणी मात्र त्याहून कितीतरी मोठी होती आणि तिची गोष्ट मागेच राहिली. कदाचित तिच्यात एखादा राजा नायक नाही, म्हणून असेल.

ही छावणी १९४३ मध्ये सुरू झाली. सुमारे ५,००० लोक आणि त्यात मुख्यतः बायका, मुलं, म्हातारी माणसं. तट्ट्याच्या भिंती आणि वर कौलं असलेल्या लांबच लांब बराकी, त्यात एकेका कुटुंबाला वेगळ्या खोल्या. तीन वर्षांनी प्रथमच स्वतःची चूल! ही गोष्ट छोटी वाटेल, पण रांगेत उभं राहून भांडं पुढे करणं आणि आपल्या लेकराला आपल्या हातचं शिजवून घालणं, यातला फरक कोणत्याही आईला विचारा.

मुलांना शिकवताना एक जपायला हवं. निर्वासित बाई म्हटलं की गाठोडं घेऊन रडणारी बाई एवढंच चित्र आपण उभं करतो. या छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, स्काउट-गाइड पथकं होती, नाटकं होत होती. पुरुष लढाईवर, मग हे सगळं चालवलं कोणी? बऱ्याच अंशी या बायकांनीच. वह्या-पुस्तकांची टंचाई असताना शिक्षिकांनी मुलांना पोलिश भाषा, इतिहास, भूगोल शिकवला, कारण परत गेल्यावर मूल मागे पडायला नको. कोल्हापूरच्या पावसात, साप-विंचवांच्या भीतीत, इटलीतल्या आघाडीवरून नवऱ्याचं किंवा मुलाचं पत्र येईल का या घोरात हे चालू होतं. शिक्षिका म्हणून मला या बायकांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे.

आणि मग युद्ध संपलं. पुस्तकात पाठ इथे संपतो. या बायकांचा नाही संपला. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेत चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टॅलिन यांनी पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे ठेवायचं मान्य केलं. म्हणजे घर होतं तिथेच, विहीर तिथेच, पण देश बदलला. ज्या राजवटीने घरातून ओढून काढलं, तिच्याच हद्दीत ते घर गेलं. "तुमचं गाव कोणतं?" याला आता काय उत्तर द्यायचं? १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. बऱ्याच जणी सैनिक नातेवाइकांमागे इंग्लंडला गेल्या, काही ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला, काही नव्या पोलंडमध्ये. मोजक्या मुली इथेच लग्न करून राहिल्या.

बराकी मात्र फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तिथेच ठेवलं गेलं. आज कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेलं गांधीनगर ते हेच. एका छपराखाली लागोपाठ दोन देशांतल्या निर्वासित बायकांनी चूल मांडली. पंजाब आणि बंगालची फाळणी झाली, पण त्यांचा एकेक भाग तरी भारतात आला. सिंध अख्खा पलीकडे गेला. सिंधी बाईचं माहेरही तिकडे आणि सासरही तिकडे.

हे आपल्याही दारात घडलं आहे. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पला अशीच सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, तशीच कल्याणला झाली, तिचं पुढे उल्हासनगर झालं. ज्यांनी कधी घराबाहेर पडून पैसा कमावला नव्हता, अशा कित्येक बायका पापड-लोणची करून विकू लागल्या. आपण दुकानातून सहज 'सिंधी पापड' आणतो, त्यामागे हे आहे. लेकी शिकल्या, नोकरीला लागल्या. याला 'निर्वासितपणामुळे प्रगती झाली' असं कृपया म्हणू नका. ती त्यांनी केलेली भरपाई होती.

वर्गात हे घ्यायचं झालं तर लहान मुलांना कत्तली, अत्याचार सांगायची गरज नाही. चौथी-पाचवीला नकाशा पुरतो. पोलंड, सायबेरिया, कझाकस्तान, इराण, कोल्हापूर, इंग्लंड अशी बोटाने वाट काढायला लावा आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारा, "इथे आईला कोणतं नवीन काम शिकावं लागलं असेल?" दुसरा प्रश्न अर्ध्या तासात उचलायच्या सामानाचा. त्या यादीत मोबाइल येईल, येऊ द्या. मग विचारा, चार्जिंग कुठे करणार? वर्गात कोणाचं घर खरंच सुटलेलं असेल, तर त्या मुलाला 'तू सांग' म्हणून उभं करू नका. त्याला सांगावंसं वाटलं, तर तो सांगेल.

पालकांनी टीव्हीवर युक्रेनची बातमी लागली की नकाशाच काढावा. २०२२ मध्ये तिथे १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला बंदी होती, म्हणून सीमेवर दिसत होत्या त्या बायका, मुलं आणि आज्या. त्यांतल्या लाखो जणी आधी पोचल्या त्या पोलंडमध्ये.