कातड्याचे मोल आणि हातांचे मोल

१० जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे सदबीज या लिलावगृहात एक जुनी, वापरून झिजलेली काळी कातडी पिशवी विकली गेली. किंमत आली शहाऐंशी लाख युरो, म्हणजे ऐंशी कोटी रुपयांच्या वर. एर्मेस या फ्रेंच कंपनीने १९८४ च्या सुमारास जेन बर्किन या अभिनेत्रीसाठी तयार केलेली ती मूळ 'बर्किन' पिशवी होती. या लिलावाच्या अठरा दिवस आधी, २२ जून रोजी, इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचे प्रदर्शन भरविले. त्यात चालणाऱ्या तरुणांच्या पायांत ज्या चपला होत्या त्या पाहून कोल्हापूरच्या कारागिरांना त्या कोणाच्या आहेत हे सांगावे लागले नाही. कंपनीने मात्र त्यांना नुसते 'कातडी सँडल' म्हटले होते.

फॅशन हा श्रीमंतांच्या रिकाम्या वेळेचा विषय आहे, आपल्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. मला वाटते, संबंध फार जवळचा आहे. या देशात माणसाने काय नेसावे, काय ल्यावे आणि पायांत काही घालावे की नाही, हे हजारो वर्षे त्याच्या आवडीने ठरलेले नाही. ते जातीने ठरविले आहे. आणि जगातल्या सर्वांत महाग पिशव्या ज्या वस्तूच्या बनतात, त्या वस्तूला हात लावला म्हणून आपल्याकडे माणसे अस्पृश्य ठरली आहेत.

वस्त्र आणि वर्ण

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळासाठी प्रेतावरची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून दिलेले आहेत. म्हणजे पोशाखाचा कायदा आपल्याकडे जुनाच आहे. केरळात त्रावणकोर संस्थानातील नाडर स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे लढावे लागले, तेव्हा कुठे १८५९ मध्ये संस्थानाने जाहीरनामा काढला. त्यातही सवर्ण स्त्रियांसारखे वस्त्र घेण्याची मोकळीक नव्हतीच. महाराष्ट्रातील खेड्यांत सवर्णांच्या वाड्यासमोरून जाताना पायताण काढून हातात घ्यावयाचे, ही गोष्ट आपल्या आजोबांच्या आठवणीतली आहे.

म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास सांगितले, जातीची खूण सांगणारे जडशीळ दागिने टाकून देण्यास सांगितले, ही बाब किरकोळ समजू नये. चवदार तळ्याचे पाणी आणि लुगड्याची नेसण हे एकाच लढ्याचे दोन भाग होते. बाबासाहेबांचा स्वतःचा कोट-पँट-टायचा पोशाखही याच अर्थाने वाचला पाहिजे. ज्याला पूर्ण वस्त्र घेता येते तो अर्धे वस्त्र घेतो तेव्हा त्याला त्याग म्हणतात; ज्याच्यावर उघडेपण लादलेले आहे त्याच्यासाठी नीटनेटका पोशाख हाच बंडाचा उच्चार ठरतो. व्यक्तिगत आवड, ऐट, शैली या गोष्टी त्यांच्याकडे होत्या आणि त्यांना त्यांची लाज वाटली नाही. आपणही वाटून घेण्याचे कारण नाही.

पिशवी महाग का होते

आता दुसरी बाजू पाहू. युरोपात शिंपी हा मुळात नोकर होता. तो मापे घेण्यासाठी श्रीमंतांच्या घरी जाई. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने १८५८ मध्ये पॅरिसला आपले दुकान काढले आणि कपड्यांच्या आत स्वतःच्या नावाची पट्टी शिवण्यास सुरुवात केली. फ्रान्सची सम्राज्ञी त्याची गिऱ्हाईक झाली. शिवणाऱ्याचे नाव शिवलेल्या वस्तूवर आले, तेथून उंची फॅशनचा आजचा धंदा सुरू होतो.

कातड्याच्या धंद्यातही तेच घडले. एर्मेसचा आरंभ १८३७ मध्ये घोड्यांचे साज शिवणाऱ्या कारखान्यापासून झाला. लुई व्हिताँ हा पेट्या बनविणारा कारागीर. त्याने १८५४ मध्ये आपले दुकान काढले. गुचिओ गुची तरुणपणी लंडनच्या हॉटेलात हमाली करीत असे. पुढे १९२१ मध्ये त्याने फ्लॉरेन्सला कातडी सामानाचे दुकान घातले. प्राडाही १९१३ मध्ये मिलानला कातडी सामानाचे दुकान म्हणूनच जन्माला आली. बर्किन पिशवी आजही मुख्यतः एकच कारागीर शिवतो. मेण लावलेला तागाचा दोरा, दोन सुया आणि खोगिराची जुनी शिवण. एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात आणि पिशवीच्या आत त्या कारागिराची खूण उमटविलेली असते.

परंतु वीस तासांच्या मजुरीने पिशवी लाखो रुपयांची होत नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दाखवून दिले की काही वस्तू त्यांच्या उपयोगासाठी घेतल्या जात नाहीत. 'आम्हांस श्रम करावे लागत नाहीत' हे लोकांना दिसावे म्हणून घेतल्या जातात. अशा वस्तूची किंमत वाढली की मागणी घटत नाही, उलट वाढते. कंपनी मुद्दाम थोड्याच पिशव्या बाजारात सोडते, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवते आणि ते ताटकळणेसुद्धा विकते. आपण जातीच्या देशातली माणसे आहोत. दुसऱ्याला दूर ठेवल्यानेच आपली उंची वाढते, हे शास्त्र आपल्याला नवे नाही.

शिवाय सगळ्याच पिशव्यांच्या आत कारागिराची खूण नसते. २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओर कंपनीच्या एका इटालियन उपकंपनीवर काही काळ देखरेख बसविली. कंत्राटदारांच्या कारखान्यांत परदेशी मजुरांना पिळून काम करून घेतले जाते, याकडे कंपनीने लक्ष दिले नाही, असा ठपका होता. सुमारे २६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका पिशवीच्या जुळणीसाठी कंत्राटदाराला कातडे वगळून ५३ युरो मिळत होते, असे त्या प्रकरणाच्या कागदपत्रांत आले. म्हणजे लूट युरोपातही आहे. पण ती कोणत्या जागी आपल्याकडच्या लुटीपेक्षा वेगळी आहे, हे नीट पाहावयास हवे.

एकच कातडे, दोन इतिहास

कातडे कमावण्याच्या कामाला दुर्गंधी असते, म्हणून युरोपातही कातडी कमावणारे बहुधा गावाच्या कडेला असत. जपानमध्ये तर कातड्याचे काम करणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या बहिष्कृत ठेवले गेले. १८७१ मध्ये कायद्याने तो दर्जा रद्द केला, तरी भेदभाव संपला नाही. पण युरोपातला साज शिवणारा कारागीर पैसा मिळवून नगरशेठ होऊ शकला. त्याच्या मुलाला धंदा सोडता आला, दुसऱ्याच्या मुलाला तो धंदा घेता आला. वस्तूबरोबर माणूसही वर चढला.

आपल्याकडे वस्तू वर चढली, माणूस खालीच राहिला. मेलेले ढोर महाराने ओढावयाचे, कातडे ढोराने कमवावयाचे, चपला चांभाराने शिवावयाच्या. बाबासाहेबांनी सांगितले होते की ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि तीही एकाखाली एक. त्या तिघांनाही एकमेकांपासून तोडलेले होते. ब्राह्मणाच्या ओसरीपर्यंत चप्पल पोचे, चप्पल करणारा पोचत नसे.

बाराव्या शतकातील हरळय्याची कथा कर्नाटकात सांगतात. या चर्मकार शरणाने आणि त्याच्या पत्नीने स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवेश्वरांना अर्पण केल्या, असे परंपरा मानते. पुढे त्याच्या मुलाचे एका ब्राह्मण शरणाच्या मुलीशी लग्न ठरले आणि त्या अपराधासाठी राजाने दोन्ही बापांना देहान्त शिक्षा दिली. कथेतला खरा धडा शेवटच्या भागात आहे. वहाणांची भक्ती चालली. सोयरीक चालली नाही.

आजही तेच. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी उघड्या अंगाने मारहाण केली. जे कातडे पॅरिसला खांद्यावर मिरविले जाते, त्याच कातड्यासाठी येथे पाठीवर फटके मिळतात.

प्राडाचे प्रकरण

कोल्हापुरी चप्पल दिसावयास सोपी, करावयास कठीण. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावतात. रापीने कापतात, आरीने भोके पाडतात, कातड्याच्याच वादीने शिवतात. खिळा मारीत नाहीत. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाली, पुकरी अशी तिची घराणी आहेत. वेण्या विणणे, कान शिवणे ही कामे कितीतरी घरांत बायका करतात. 'कारागीर' म्हणून छायाचित्रात मात्र पुरुषच येतो.

या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात आहेत. पण हा कायदा नावाचे रक्षण करतो. प्राडाने नावच घेतले नाही, फक्त घडण घेतली. टीका उसळल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. ज्यांच्या नावावर निर्देशांक आहे त्यांनी दाद मागावी, असे सांगून न्यायालयाने जुलैमध्ये ती फेटाळली. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. त्यानुसार दोन हजार जोड भारतात करून सुमारे ८०० युरोंना, म्हणजे त्या वेळच्या दराने ऐंशी हजार रुपयांच्या वर, विकावयाचे ठरले. कोल्हापुरात चांगला जोड हजार-दोन हजारांत मिळतो.

या काळात वर्तमानपत्रांत 'महाराष्ट्राची अस्मिता', 'भारताचा वारसा' असे शब्द पुष्कळ आले. ज्यांच्या घरात चांभाराला कधी पाट मिळाला नाही, त्यांनाही चप्पल एकदम 'आपली' वाटू लागली. चप्पल आपली, तर ती करणारा आपला का नाही, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. प्राडाने कारागिराचे नाव पुसले हे खरे. पण त्याआधी कित्येक शतके ते आपल्या समाजाने पुसले होते.

'चमार' नावाची पिशवी

याच संदर्भात मुंबईतील एक प्रयोग नोंदण्यासारखा आहे. सुधीर राजभर या कलावंताने धारावीतील कारागिरांना बरोबर घेऊन 'चमार स्टुडिओ' उभा केला. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला, बैलाचे कातडे दुर्मिळ झाले आणि धारावीतील अनेक हातांचे काम गेले. तेव्हा या मंडळींनी टाकाऊ रबराच्या पिशव्या करावयास घेतल्या. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत मायामीच्या डिझाइन प्रदर्शनात त्यांच्या खुर्च्या मांडल्या गेल्या.

'चमार' हा शब्द अपमान करण्यासाठी उच्चारला तर तो ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले आहे. तोच शब्द येथे वर्थच्या पट्टीसारखा वस्तूवर येतो. काहींना हे आवडणार नाही. जातीचे नाव मिरवून जात कशी जाईल, असे ते विचारतील. शंका योग्य आहे. नाव विकले गेले आणि वस्तीतील शाळा, गटार, मजुरी होती तेथेच राहिली, तर तो बाजाराचा आणखी एक चमत्कार ठरेल. पण शिवी म्हणून दिलेला शब्द गिऱ्हाइकाला आदराने उच्चारावा लागतो, यात काहीच घडत नाही असेही म्हणता येणार नाही.

कसोटी

१९२७ मध्ये मेलेली ढोरे ओढू नका असे सांगणाऱ्या चळवळीचे आपण वारस आहोत. मग कातड्याच्या कलेचा अभिमान धरावा की तिच्यातून बाहेर पडावे? कौशल्य आणि सक्ती या दोन गोष्टी वेगळ्या केल्या तर उत्तर सापडते. हातातील कसब आपले आहे. ते जन्माने लादले, हे पाप व्यवस्थेचे आहे. म्हणून 'वारसा', 'सन्मान', 'करार' असे शब्द कानावर आले की चार प्रश्न विचारावेत. किंमत कोण ठरवितो? वस्तूवर नाव कोणाचे? चांभाराच्या मुलीला हा धंदा सोडून डॉक्टर होण्याची वाट मोकळी आहे काय? आणि जोशी-देशपांड्यांचा मुलगा डिझाइनच्या शाळेतून बाहेर पडून रापी हातात घेईल तेव्हा त्याला 'डिझायनर' आणि शेजारी बसलेल्याला 'कारागीर' म्हणणे थांबणार आहे काय?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे मिळत नाही, तोपर्यंत कोल्हापुरी ऐंशी हजारांना विकली गेली तरी जातीची उतरंड हललेली नाही, असे समजावे. आपल्या विद्यार्थ्यांनी चांगले कपडे जरूर घालावेत, आवडली तर चांगली पिशवीही घ्यावी. फक्त ती खांद्यावर टाकताना आतली पट्टी उलटून पाहावी आणि तेथे कोणाचे नाव नाही, हे विचारण्याची सवय ठेवावी.