दिवाडी बेट : दुचाकीवरून दोघांनी

बेट म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा तुकडा, ही व्याख्या आपण सर्वांनी प्राथमिक शाळेत पाठ केली आहे. गोव्यातील दिवाडी बेटाला ती लागू पडते, पण पुरत नाही. मांडवी नदीतील या बेटावरची बरीचशी शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. आणि तरीही तेथे भात पिकतो. हे कसे साधते ते सांगावे, म्हणून हा लेख. समुद्रकिनाऱ्याचे वर्णन वाचायला बसलेल्या मित्रमैत्रिणींची निराशा होईल, त्याबद्दल क्षमस्व.

आम्ही दोघे, म्हणजे मी आणि आमचे 'हे', लग्नानंतर चार महिन्यांनी सप्टेंबरात तेथे गेलो. सावनेरच्या घरात गोव्याचे नाव काढल्यावर कपाळाला आठ्या पडणारच. सासूबाई म्हणाल्या, "गोव्याले काय आहे बाप्पा? अदासाच्या गणपतीले जाऊन या." आमच्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे पुस्तकातले काही सांगितले की घरचे ऐकून तरी घेतात. शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे मंदिर दिवाडीच्या पलीकडच्या तीरावर आहे, हे मी सांगितले. देवदर्शन म्हटल्यावर परवानगी मिळाली, आणि वर डबाभर चिवडाही मिळाला.

आता वाहनाविषयी. गोव्यात 'पायलट' नावाचा एक प्रकार आहे. विमानाशी त्याचा संबंध नाही. काळ्यापिवळ्या मोटारसायकलवर भाड्याने प्रवासी नेणाऱ्याला तेथे पायलट म्हणतात. सोय चांगली, पण मागे जागा एकच. नवराबायकोला दोन पायलट करावे लागतात आणि त्यांची वरात एकामागोमाग एक निघते. तेव्हा दोघांना मोटारसायकल भाड्याने घेणेच बरे. भाड्याच्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणे नियमात बसत नाही, स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. यांचे सावनेरला दुचाकी दुरुस्तीचे लहानसे गॅरेज आहे. त्यांनी ब्रेक दाबून पाहिले, टायर पाहिले, मग खाली बसून चेन पाहिली; खाऱ्या हवेने चेन लवकर गंजते म्हणे. गाडीमालकाचा धीर सुटत चालला होता. हेल्मेट मात्र दोन मागून घ्यावीत. मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने सक्तीचे आहे.

जुन्या गोव्यात वास्को द गामाच्या पणतूने व्हाइसरॉय असताना उभारलेली एक कमान आहे. तिच्याखालून रस्ता थेट धक्क्यावर उतरतो. तेथून फेरीबोट दिवाडीला जाते, रायबंदरहूनही जाते. बोट सपाट बुडाची, तोंडाशी लोखंडी फळी. फळी खाली टेकली की मोटारसायकली, सायकली, मासळीच्या टोपल्या, शाळेची मुले सगळे एकदम आत शिरतात. गाडी स्टँडवर लावून गिअरमध्ये ठेवावी. काही मिनिटांतच पलीकडचा धक्का येतो.

छिंदवाडा रोडवर कोळशाच्या ट्रकांमधून जीव मुठीत धरून जाणाऱ्या आम्हाला दिवाडीचा रस्ता रिकामा वाटला. दोन्ही बाजूंना शेते, मध्ये अरुंद रस्ता, पुढे टेकडीवर पिएदादचे पांढरे चर्च. गाडी हाकणाऱ्याचे लक्ष खड्ड्यांकडे असते, त्यामुळे पाहण्याचे काम मागे बसणाऱ्याकडे येते. मी सारखी "थांबवा हो" म्हणत होते आणि हे थांबवत होते. एरवी सावनेरात मी यांच्या मागे एका बाजूला पाय सोडून, पदर सावरत बसते. येथे सलवार-कमीज घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले, आणि कोणी वळून पाहिले नाही.

अशाच एका थांब्यावर बांधातली ती लाकडी दारे दिसली. या शेतांना खाजन म्हणतात. पूर्वी कोणा पिढीने खाडीकाठच्या खारफुटीच्या दलदलीला चिखलमातीचे बांध घालून ही जमीन मिळवली. बांधाच्या बाहेर खारफुटी राखायची, म्हणजे लाटांचा मार ती सोसते. बांधात ठिकठिकाणी दारे ठेवलेली असतात. त्यांना मानस म्हणतात. भरती चढू लागली की बाहेरचे पाणीच दार दाबून बंद करते. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडते. ना इंजिन, ना वीज. मी हे वहीत उतरवत होते, तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, हा तर सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह झाला." माझ्या अर्ध्या पानाचे काम त्यांनी एका वाक्यात उरकले.

पावसाळ्यात येथे कोरगुट नावाचा, थोडा खारेपणा सोसणारा भात होतो. कापणीनंतर तीच दारे खारे पाणी आत घेतात आणि त्याबरोबर मासळी व कोळंबी येते. एकाच जमिनीत दोन पिके.

बांधावर एक म्हातारे शेतकरी भेटले. कोकणीत मराठी मिसळून त्यांनी सांगितले की भीती लाटांची नसते, खेकड्यांची असते. खेकडा बांधात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपते आणि लक्ष दिले नाही तर बांध फुटतो. एकदा खारे पाणी शेतात बसले की ते मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जातात. म्हणून बांधावरून रोज कोणीतरी फिरावे लागते. पूर्वी ही व्यवस्था गावकरी नावाची ग्रामसंस्था पाहत असे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९६४ मध्ये कूळकायदा आला, जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला; पण गावकरीचे उत्पन्न आटले आणि बांधाची जबाबदारी अनेक हातांत विखुरली. गोव्यात कित्येक खाजने आज पडीक आहेत.

हे ऐकताना मला मामांचे शेत आठवले. भंडारा जिल्ह्यात त्यांचे भाताचे शेत मामा तलावाखाली आहे. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. लहानपणी मला तो माझ्या मामांचाच वाटे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ कोणी बांधायची, गाळ कोणी काढायचा, यावर गावे एकमेकांकडे पाहू लागली. माझे आजोबा सालदार होते, तेव्हा मालगुजारांसाठी मी अश्रू ढाळणार नाही. जमीन कसणाऱ्याची व्हावी हे योग्यच झाले. पण जमिनीबरोबर पाळीची आणि बांधाची राखणही वाटून द्यायला हवी होती. तिचा सातबारा कोणाच्याच नावे निघाला नाही. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचे मत वेगळे असू शकेल.

दिवाडीला जायचे तर ऑगस्टचा चौथा शनिवारही वाईट नाही. त्या दिवशी बोंडेराम हा झेंड्यांचा उत्सव असतो. गावांच्या हद्दीच्या भांडणात पोर्तुगीजांनी झेंडे रोवले आणि लोकांनी ते पाडले, असे त्याचे मूळ सांगतात. गर्दी नको असेल तर आमच्यासारखे सप्टेंबरात जावे.

बेटाच्या दुसऱ्या टोकालाही नार्वे आहे आणि पलीकडे डिचोलीच्या बाजूलाही नार्वे आहे. मध्ये पुन्हा फेरीबोट. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे दैवत; त्याचे मूळ स्थान दिवाडीवरच्या नार्व्यात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले, लिंग नदीपार नेले गेले, आणि १६६८ मध्ये महाराजांनी तेथे मंदिर उभे केले. ज्या नदीतून देव गेला तीच आम्ही मोटारसायकलसह ओलांडली. मंदिर आकाराने लहान, घुमट व दीपमाळ असलेले, आजूबाजूला दाट झाडी. सासूबाईंच्या नावाने नारळ फोडला. शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे मात्र धक्क्यावर उतरतानाच विचारून ठेवावे.